पाहुणा

रेडकरांनी पहिल्याच शुक्रवारी घरी जेवायला नेलं,
सुरमईचं डोकं माझ्या ताटात.
मी लातूरचा. काटे काढता येईनात, तसे हसले.
मला तेही प्रेमच वाटलं.
सोहारमध्ये आपली माणसं किती, म्हणाले,
बोटांवर मोजावीत एवढी.

मग मी पाहुणा झालो.
"या पाहुणे." "पाहुण्यांना झेपेल ना?"
"पाहुणे, परतीचं तिकीट जपून ठेवा हं."
सगळे हसायचे, मल्याळी, फिलिपिनो,
शब्द न कळणारेही.
सूर कळायला कुठे भाषा लागते?
मीही हसायचो. दोन वर्षं हसलो.

मार बसला असता तर वळ दाखवता आला असता.
मीटिंगची वेळ फक्त मलाच कळत नाही,
हे कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?
ड्रॉइंग माझ्या नावावर चुकायचं,
त्यांच्या नावावर मंजूर व्हायचं,
रेषा त्याच, हात माझाच.
टेबल सरकत सरकत प्लॉटरशेजारी गेलं,
मग प्लॉटरच्या मागे.
आणि व्हिसाचा विषय
चहासारखा निघायचा, दिवसातून दोनदा.

शुक्रवारी मगरिबची बांग झाली
की पोटात गोळा उठायचा.
कॉर्निशवर चालताना मनातल्या मनात भांडायचो,
तिथेही रेडकरच जिंकायचे.

ताईला फोनवर सांगितलं, सहज, टेबलाचं.
ती गप्प झाली. बारा वर्षं नांदलेली बाई.
मग म्हणाली, अरे, हा तर सासुरवास.
काहीतरीच तुझं, मी म्हटलं.
त्यांना चूक नको असते रे, ती म्हणाली,
सून हवी असते.
वही आण. तारीख घाल, वेळ घाल.
मी घातली नाही. तू घाल.

वही आणली, दोनशे बैसांची.
अकरा मे, नऊ वाजून दहा मिनिटं.
बारा मे, दोनदा.
चौदा मे: काही नाही. तेही लिहिलं.
लिहिताना लाज वाटायची,
मोठा माणूस आणि शाळकरी चहाडी.
पण मी नकाशे काढणारा, मला एवढं कळतं:
एक रेघ म्हणजे ओरखडा,
चाळीस रेघा म्हणजे भिंत.

साक्षीदार आहे कुणी?
एचआरच्या शम्साबाईंनी विचारलं.
बिजूच्या मुलीची फी भरायची होती.
जोव्हितोचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं.
त्यांना मी दोष देत नाही. फार वेळ देत नाही.

आला तो केटली.
चहा देणारा. आम्ही सगळे त्याला केटलीच म्हणायचो,
मीही. ए केटली, इकडे.
पाठकोऱ्या कागदांवर त्यानं लिहून दिलं, बंगालीत, अडीच पानं.
ऑफिसात कुणालाच वाचता येईना.
शम्साबाईंनी भाषांतराला मस्कतला धाडलं,
तीन आठवड्यांनी शिक्के लागून परत आलं.
कुठल्या दिवशी कोण काय बोललं, सगळं होतं.
आणि हेही, की हे साहेब चहाचा कप
न पिता बेसिनमध्ये ओततात,
मग नळ बराच वेळ सोडून ठेवतात.

रेडकर आता दुसऱ्या यार्डात आहेत.
काही जण त्याला बढती म्हणतात.
माझं टेबल खिडकीशी आलं.
गोळा अजून येतो एखाद्या शुक्रवारी,
जुन्या पत्त्यावर आलेल्या पत्रासारखा.

भाषांतराच्या पहिल्या पानावर
मी पहिल्यांदा वाचलं:
मोतालेब मिया, वय एकेचाळीस,
खाली वडिलांचं नाव, गाव, जिल्हा.
अडीच वर्षं त्याच्या हातचा चहा.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे घेऊन आला.
मी उठून उभा राहिलो, नाव घेतलं.
त्यानं मागे वळून पाहिलं,
दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल म्हणून.